वायमाकची दुसरी खेप: जुनी जेटबोट, झिजलेली रिंग आणि नागपूरचा भाऊ

ऑक्टोबरात न्यूझीलंडच्या वायमाकारीरी नदीत (इथे सगळे वायमाकच म्हणतात) पहिल्यांदा बोट पाण्यात टाकली तेव्हा दोन किलोमीटरसुद्धा गेलो नाही. फेब्रुवारीत थेट गॉर्जच्या, म्हणजे कातळातल्या अरुंद घळीच्या, आत जाऊन आलो. मधले चार महिने गॅरेजमधेच गेले, त्यामुळे या वृत्तांतात नदी कमी आणि स्पॅनर जास्त आहेत, आधीच सांगतो.

आम्ही दोघं क्राइस्टचर्चला. मी सांगलीचा, भागीदार नागपूरचा, त्याला सगळे भाऊच म्हणतात. बोट घेतली अर्धी अर्धी. सेकंडहँड अ‍ॅल्युमिनियमची, आत गाडीचंच शेव्ही ३५० म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, मागे हॅमिल्टन २१२ जेट. इकडे अशा बोटी पुष्कळ मिळतात कारण जेटबोट ही मुळात इथलीच चीज आहे, बिल हॅमिल्टन नावाच्या शेतकरी-इंजिनियरने मॅकेन्झी भागातल्या आपल्या आयरिशमन क्रीकच्या रँचवर १९५० च्या दशकात ती जमवली, कारण इथल्या नद्या उथळ, गोट्यांच्या, आणि साधा पंखा लावला तर दहा मिनिटांत पाती गेली. जेटमधे खाली पंखाच नसतो. तळातून पाणी ओढायचं, इम्पेलरने (जेटच्या आतल्या फिरणाऱ्या पात्यांनी) दाबून मागच्या नॉझलमधून फेकायचं. आपल्याकडेही या बोटी येऊन गेल्यात, १९७७ साली एडमंड हिलरी गंगासागरपासून गंगेतून उलटे वर निघाले ते जेटबोटीतूनच, तीन बोटी, नावं गंगा, कीवी आणि एअर इंडिया. नंदप्रयागच्या धबधब्याने अडवलं म्हणून, नाहीतर अजून वर गेले असते. भाऊला हे सांगितलं तेव्हापासून त्याला वाटतं आपली बोटही तशीच. असो.

पहिल्या खेपेला वायमाकच्या गॉर्ज ब्रिजपाशी बोट उतरवली. क्राइस्टचर्चहून तासाभरावर. वाटेत शेफिल्डला पाय (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) खायला थांबलो, ते चुकवू नका. ट्रेलर मागे असला की कमाल वेग ९०, आणि ट्रेलरला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि वॉरंट (फिटनेसचं सर्टिफिकेट) लागतं हे बऱ्याच नव्या लोकांना माहीत नसतं. बोट चालवायला मात्र लायसन्स लागत नाही, जे मला अजूनही अजब वाटतं.

बोट पाण्यात गेली, इंजिन एका दमात सुरू झालं, व्ही-८ चा आवाज काय सांगू, भाऊच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. थ्रॉटल दिला. आवाज वाढला, टॅकोमीटर (इंजिनचा आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा) ४५०० वर, आणि बोट नाक वर करून म्हशीसारखी पाण्यात बसलेली. भाऊ म्हणाला, "काऊन बे, आवाज तर लय येऊन राहिला, पन बोट काऊन नाही जाऊन राहिली?"

आता हेच वाक्य जुनी जेटबोट घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. पंख्याच्या बोटीत वेगाप्रमाणे इंजिनवरचा भार बदलतो. जेटमधे इम्पेलरला बोट पळतेय का उभी आहे याचा फारसा फरक पडत नाही, तो आपला ठरलेल्या आरपीएमला ठरलेली ताकद खातो. म्हणजे फुल थ्रॉटलला तुमच्या बोटीचा आरपीएम जवळपास ठरलेला असतो. त्यापेक्षा कमी आला तर इंजिन कमजोर. जास्त आला आणि धक्का नाही, तर जेटला पाणी नीट मिळत नाहीये, हवा खातोय, नाहीतर आतून झिजलाय. विकणाऱ्याने आम्हाला फुल थ्रॉटल ४००० सांगितलं होतं, आम्ही ४५०० बघून खुश झालो, इंजिन दमदार आहे म्हणून. गाढवपणा. बोट घेताना नदीत ट्रायल मागा, आणि फुल थ्रॉटलचा आकडा लिहून ठेवा.

बरं आधी वाटलं तळाच्या पाणी ओढायच्या जाळीत काहीतरी अडकलंय, म्हणून काठाला घेऊन इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली (हे विसरू नका, आत हात असताना कोणी चावी फिरवली तर विषय संपला) आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून तळाखाली हात घातला. पाणी डोंगरातल्या बर्फाचं, बोटं दोन मिनिटांत बधिर. जाळीच्या दांड्यांमधे गवताची एक वेणी आणि लिंबाएवढा गोटा पाचरीसारखा बसलेला, तो काढला, पण फरक शून्य. परत फिरताना बोट उथळात बसली. इथे एक गोष्ट: पळत असताना ही बोट वीतभर पाण्यावरूनही जाते, पण वेग गेला की खाली बसते आणि मग तिला दुप्पट तिप्पट खोली लागते. म्हणून उथळात घाबरून थ्रॉटल सोडायचा नाही, त्यातून थ्रॉटल सोडला की स्टिअरिंगही जातं कारण वळवतो तो मागचा पाण्याचा झोतच. कळतं पण वळत नाही म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे. तर बसली गोट्यांवर, आणि आमच्याकडे एक दोरी आणि दोन मराठी माणसं. तासाभराने एक अनोळखी म्हातारबुवा त्यांच्या बोटीतून आले, हाताने ओढायचा विंच, फावडं आणि एक फळी काढली, फावड्याने बोटीपुढचे गोटे सारून चर केली, विंच काठावरच्या मोठ्या दगडाला बांधला आणि वीस मिनिटांत आम्ही पाण्यात. जाताना एवढंच म्हणाले की वेअर रिंग बघा. पुढच्या आठवड्यात मी तसाच विंच घेतला.

तर वेअर रिंग. इम्पेलर ज्या गोल कड्यात फिरतो ते कडं. इम्पेलरची टोकं आणि कडं यात अगदी थोडी फट असायला हवी, नाहीतर दाबलेलं पाणी तिथूनच मागे गळतं. गोटे, वाळू खाऊन खाऊन ती फट वाढते. तपासणीचं झाकण काढलं, टॉर्च धरला, फीलर गेजची (फट मोजायची) पानं एकावर एक लावत गेलो. एका बाजूला १ मिमी, दुसऱ्या बाजूला २.५ मिमी. कड्यावर बोटाने हात फिरवला तर जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डसारख्या खाचा. इम्पेलरच्या पात्यांच्या पुढच्या कडा तर पोळीच्या कडेसारख्या जाड आणि दातेरी झालेल्या. किती फट चालते ते तुमच्या जेटच्या मॅन्युअलमधे बघा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. दोन्ही बाजूंना वेगळी फट आली तर नुसती रिंग बदलून थांबू नका, शाफ्टचं बेअरिंगही बघून घ्या. आमचं मागचं बेअरिंग पण गेलेलं होतंच.

पण खरी गंमत झाकणाची. तपासणीच्या झाकणाखालची ओ-रिंग चपटी होऊन एका बाजूला चिरलेली, आणि आधीच्या मालकाने त्यावर सिलिकॉन थापून ठेवलेलं. बोट जागेवरून उठताना जेट जोरात ओढतो, तेव्हा तिथून हवा आत, आणि हवा गेली की इम्पेलर मोकळा फिरतो, आरपीएम वर आणि बोट तिथंच. काही डॉलरची रबराची रिंग. ती आधी बदलून बघितली असती तर निम्मी शंका तिथंच फिटली असती, पण आपण नेहमी महागाच्या गोष्टीपासून सुरुवात करतो ना.

नवी रिंग बसवली, इम्पेलर वर्कशॉपला देऊन कडा भरून धार लावून आणला, बेअरिंग आणि शाफ्टचं सील नवं. हे सगळं घरी करता येतं, फक्त जेट युनिटचे नट जुन्या बोटीत अ‍ॅल्युमिनियमला चिकटलेले असतात, विशेषतः बोट समुद्रात फिरली असेल तर. आदल्या रात्री तेल मारून ठेवा, हातोडा हे शेवटचं हत्यार.

घराच्या अंगणात इंजिन टेस्ट करणार असाल तर दोन गोष्टी. होजपाइप कूलिंगला जोडा, पण आधी इंजिन चालू करायचं मग नळ सोडायचा, आणि बंद करताना आधी नळ मग इंजिन, नाहीतर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरतं. आणि जेट कोरडा फार वेळ फिरवायचा नाही, मागच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं. शेजाऱ्यांचा विचारही करा, आमच्या शेजारच्या आजींनी दुसऱ्याच दिवशी मफिन आणून दिले आणि हळूच विचारलं की हे किती दिवस चालणार आहे.

दुसरं दुखणं इंजिनचं. जवळच्या तलावावर ट्रायलला गेलो तर चाळीस मिनिटांनी इंजिन ठप्प, पंधरा मिनिटं थांबलं की परत चालू. भाऊने कार्ब्युरेटर उघडायला घेतला, मी म्हटलं थांब, आधी बंद पडलेलं असतानाच बघू. म्हणून मल्टिमीटर घेऊनच परत पाण्यात गेलो. बंद पडलं, लगेच ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या प्लसला मोजलं तर ८.६ व्होल्ट, बॅटरीला १२.४. काही जुन्या कॉइलना मुद्दाम रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी देतात, तसं नाही ना ते आधी बघून घेतलं. नव्हतं. मग वायर मागे मागे तपासत गेलो तर डॅशखालच्या फ्यूजबॉक्सचा एक जोड हिरवा पडलेला, गरम झाला की हात टेकतोय. तिथे रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून कॉइलला बॅटरीवरून थेट लाइन दिली, फ्यूज लावून. त्यानंतर एकदाही बंद नाही. सुटे भाग घेताना अल्टरनेटर, स्टार्टर मरीनचेच घ्या, दिसायला गाडीसारखेच असतात पण मरीनवाल्यात ठिणगी बाहेर येत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साठते, त्यामुळे स्टार्टर मारायच्या आधी ब्लोअर (ती वाफ बाहेर फेकणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवायचा. इथे कंजूषी नको.

बाकी अपग्रेड पटापट: पाणी वेगळं करणारा पेट्रोल फिल्टर, फ्लोट स्विचवाला (पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा) दुसरा बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाचं पाणी उपसणारा, तापमानाचा अलार्म, आणि कूलिंगच्या लाइनवर वाळूचा सापळा. तळाला जाड प्लास्टिकची शीट लावतात इकडे, गोट्यांवरून घसरायला बरी पडते, पण खर्च बघून भाऊ म्हणाला, "बाप्पा! त्यात तर लग्न होऊन जाईन." पुढच्या वर्षी बघू.

आता दुसरी खेप. फेब्रुवारीतला शनिवार. एन्व्हायर्नमेंट कँटरबरीच्या (इथली प्रादेशिक परिषद) साइटवर नदीचा प्रवाह दिसतो, तो आदल्या रात्री आणि सकाळी परत बघायचा. आणि वारा बघायचा. नॉरवेस्टर (वायव्येचा वारा) सुटला की क्राइस्टचर्चमधे कोरडी गरम हवा, स्वच्छ ऊन, आणि तिकडे वर डोंगरात आर्थर्स पासला धो धो पाऊस, नदी काही तासांत गढूळ होऊन चढते. मला हे समजावून सांगावं लागलं नाही, सांगलीत ऊन पडलेलं असताना कोयनेतून पाणी सोडलं की आयर्विन पुलाला पातळी कशी चढते ते लहानपणापासून बघितलंय.

ब्रिजपासून वर निघालो. पहिल्या झटक्यात बोट उठली, आरपीएम ३९५०, आणि भाऊ चक्क गप्प. नदी इथे वेणीसारखी, पाच सहा धारा, कुठली घ्यायची ते पुढे बघूनच ठरवायचं. माझा नियम: सगळ्यात जास्त पाण्याची धार, वळणाच्या बाहेरच्या बाजूने, आणि समोर पाण्याचा व्ही दिसला की त्याचं टोक कुठे आहे ते बघायचं. वर जाताना टोक तुमच्याकडे आणि तोंड पलीकडे उघडलेलं असेल तर ती खोल जीभ, घुसा. टोक पलीकडे असेल तर टोकाशी दगड बसलाय. उजवीकडून चालवायचं, आणि वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला वाट द्यायची, कारण त्याला थांबता येत नाही. लाइफजॅकेट सगळ्यांना, किल कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) मांडीला, आणि गॉर्जमधे मोबाइलच्या भरवशावर राहू नका, बीकन (संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र) अंगावर ठेवा, बोटीत नाही.

वसंतात गेलात तर गोट्यांच्या बेटांवर उगाच उतरू नका, पक्ष्यांची घरटी असतात आणि अंडी हुबेहूब गोट्यांसारखी दिसतात. त्यातला एक राइबिल, चोच उजवीकडे वाकलेली, दगडाखालचे किडे काढायला. आम्हाला एक दिसला, तुरुतुरु पळाला.

गॉर्जमधे शिरल्यावर धारा संपतात, एकच हिरवं निळं खोल पात्र आणि दोन्हीकडे कातळ. स्टेअरकेस व्हायाडक्ट या रेल्वेपुलाच्या जवळ काठाला लागून इंजिन बंद केलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. ७३ मीटर उंच पूल, मान दुखेपर्यंत वर बघितलं. तेवढ्यात कोळशाची मालगाडी गेली, डबे मोजता मोजता चुकलो.

येताना तापमान जरा चढायला लागलं, ९० च्या पुढे. काठाला लावून सापळा उघडला तर वाटीभर राखाडी वाळू, दळलेल्या पिठीसारखी. धुऊन परत बसवला, काटा खाली. हा सापळा नसता तर ती सगळी हीट एक्स्चेंजरमधे (इंजिन थंड करणाऱ्या भागात) बसली असती.

घरी आल्यावर बंग (बोटीच्या तळाचं बूच) काढून सगळं पाणी सोडायचं, जाळी, ट्रेलर, दोऱ्या भांड्याच्या साबणाने धुवून पूर्ण वाळवायचं. डिडिमो नावाचं शेवाळ २००४ पासून साउथ आयलंडच्या नद्यांत पसरलंय, एका थेंबातून दुसऱ्या नदीत जातं. आणि तो बंग परत जाग्यावर लावून किल्लीला टॅग बांधा. आमच्याकडून तो एकदा राहिलेला आहे, तलावावर, जास्त विचारू नका.

दिवसभरात साठेक लिटर पेट्रोल. ट्रेलरचा डावा इंडिकेटर परत बंद पडलाय, त्याला पुढच्या शनिवारी बघतो.