तुम्ही विचारलंत म्हणून: दुष्काळात सौंदर्य कशाला?

अंबाजोगाईत तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा आणि आता निवृत्तीनंतरही एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात सौंदर्यशास्त्र कशाला? आधी पोट, मग कला.’ विचारणारी बहुतेक शेतकऱ्यांची मुलं असतात आणि त्यांचा राग खरा असतो. घागर रिकामी असेल तर आधी घागरच भरली पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण माणूस सौंदर्याकडे पोट भरल्यावरच वळतो, हे मला मान्य नाही. मी वेगळं पाहिलंय.

1972चा दुष्काळ. मी आठ वर्षांचा. आज्जी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. घरात खायला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. रात्री चिमणीच्या उजेडात ती वाकळ शिवायला बसे. जुनी लुगडी, आजोबांचं विरलेलं धोतर असे थर एकावर एक घालायचे आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात फिरत आत आत यायचं. धुवट पांढऱ्या-निळ्या कापडात मधोमध तिनं चोळीच्या लाल खणाचा तुकडा लावला. सकाळी उजेडात बघते तर तो बोटभर डावीकडे गेलेला. त्या रात्री तिनं तो सगळा उसवला.

मी म्हणालो, ‘आज्जी, ऊब तेवढीच लागंल की.’

‘लागंल. पण डोळ्याला सलतंय रे.’

हाताला घट्टे पडलेले, सुई बोटात नीट धरवत नव्हती. तरी तिनं पुन्हा टाके घातले.

पुढे जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचला. 1790 साली त्यानं मांडलं की सौंदर्याचा आनंद निर्हेतुक असतो. वस्तू हवीशी वाटणं, उपयोगी असणं यांच्याशी त्याचा संबंध नसतो. मला पटकन पटलं, आणि अडलंही. वाकळ तर उपयोगाचीच. पण उसवण्याचा तो निर्णय? त्यानं थंडी तसूभरही कमी होणार नव्हती. तिथं कांट आज्जीच्या बाजूनं उभा राहतो. कवी आणि सौंदर्यमीमांसक बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीतल्या लयीची तत्त्वं सांगितली ती संवाद (म्हणजे मेळ), विरोध आणि समतोल. वर्गात ती समजावताना फळ्यावर मी वाकळच काढायचो: विटलेल्या निळ्यात लाल, तो विरोध, लाल बरोबर मध्यावर, तो समतोल. तिला यातला एक शब्द ठाऊक नव्हता. डोळा मात्र तयार होता.

आमच्याच अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरणासारखा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणातून सृष्टी कशी घडते हा, अवघड विषय लिहिला तो पासोडीवर, अंगावर घ्यायच्या जाड्याभरड्या कापडावर. ती पासोडी आठवली की ऊब आणि विचार, गरज आणि देखणेपण यांची दोन वेगळी खाती आपण कधीपासून उघडली, याचंच मला नवल वाटतं. वेरूळ-अजिंठ्याला राजे होते, धनिक होते, दानं होती. त्यांचं उदाहरण म्हणूनच मी या प्रश्नाला देत नाही. आज्जीला दान देणारं कुणी नव्हतं. बघणारं तरी कोण होतं? घरातली चार माणसं, तीही अंधारात पांघरून झोपणारी.

वाकळ माझ्याकडे आहे. खणाचा लाल आता विटकरी झालाय. उन्हात धरली की त्याच्या डावीकडे, बोटभर अंतरावर, उसवलेल्या टाक्यांची भोकं अजून दिसतात.