हॉर्सरॅडिश, म्हणजे साहेबाची फेसलेली मोहरी

काल रविवार, म्हणजे रोस्टचा, ओव्हनमध्ये भाजलेल्या मांसाच्या जेवणाचा दिवस. बीफ नवरा आणि मुलगा खातात, मी नाही खात, पण सोबतचा हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाचा सॉस मीच करते कारण बाटलीतला तो गोडसर पांढरा प्रकार मला अजिबात चालत नाही. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या अलॉटमेंटमधून (भाड्याने घेतलेला भाजीपाल्याचा छोटा तुकडा) वीतभर मूळ आणून दिलं, मातीसकट, वर ताकीद की एवढासा तुकडासुद्धा जमिनीत राहू देऊ नकोस, परत फुटतं आणि मग काही केल्या जात नाही.

अख्ख्या मुळाला वास जवळपास नसतोच हो! किसायला घेतलं की मात्र जे नाकात जातं ना, अगदी लोणच्याची मोहरी फेसताना जातं तस्सं, आणि ते बरोबरच आहे, दोघं एकाच खानदानातले. किसल्यावर पेशी फुटतात, आतलं एन्झाइम सिनिग्रिन नावाच्या मुळातल्याच द्रव्याला भेटतं आणि तिखट तेल सुटतं. व्हिनेगर पडलं की हे काम थांबतं. पहिल्या वर्षी मी किसल्या किसल्या व्हिनेगर ओतलं आणि सॉस झाला मुळमुळीत. पुढच्या वेळी मिक्सरमधून काढलं आणि झाकण उघडून शहाण्यासारखी वास घ्यायला वाकले, पाच मिनिटं सिंकपाशी उभी होते.

आता खिडकी उघडून किसणीवरच किसते. 4 टेबलस्पून कीस, दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायचा, मग 1 टेबलस्पून व्हाइट वाइन व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर, अर्धा चमचा इंग्लिश मस्टर्ड आणि शेवटी 150 मिली क्रेम फ्रेश (किंचित आंबट घट्ट साय). गॅसवर अजिबात ठेवायचा नाही, तिखटपणा उडून जातो. नवऱ्याने काल तो वाफाळत्या ग्रेव्हीत ढवळला, मी काही बोलले नाही.

आणि गंमत म्हणजे आपल्या शेवग्याला इंग्रजीत हॉर्सरॅडिश ट्री म्हणतात, कारण हिंदुस्थानातले साहेब लोक हॉर्सरॅडिशऐवजी शेवग्याचं मूळ किसून खायचे. (तुम्ही करू नका, त्या मुळाची साल विषारी असते.)

मी माझ्या वाटणीचा सॉस उकडलेल्या बीटबरोबर खाल्ला, फार भारी लागतो. अर्धं मूळ ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये आहे, आणि कापलेला शेंडा... अरे देवा, तो मी कंपोस्टमध्ये टाकलाय. थांबा, आलेच.