आमची वाटचाल : पावनखिंडीतून असईपर्यंत

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत आम्ही संगणकावरचे युद्धखेळ बनवतो. धडाधड गोळ्या झाडायचे नव्हेत. नकाशा समोर ठेवून पाळीपाळीने खेळायचे. पहिल्या खेळाला पावनखिंड घेतली ती भावनेपोटीच, पण भावनेवर नकाशा बनत नाही.

नकाशा षटकोनांचा असतो. चौकोनांत तिरकं पाऊल सरळ पावलाच्या १.४१ पट पडतं, षटकोनाचे सहाही शेजारी सारख्या अंतरावर. दोन मध्यांत १०० मीटर धरले की ६ बाय ५ किलोमीटरच्या रणांगणाला साधारण ३,४६० षटकोन लागतात. साधा लॅपटॉप ते सहज ओढतो. उंचीसाठी उपग्रहाची फुकट मिळणारी, दर ३० मीटरला एक उंची देणारी जाळी घेतली आणि तिथेच फसलो. त्या जाळीत अरुंद घळ बसत नाही, कडे आणि तळ यांची सरासरी होऊन सौम्य उतार उरतो. मग पाठलागावरच्या सिद्दी मसूदची आदिलशाही फौज फळी धरून निवांत वर येते! १ : ५०,००० च्या नकाशावर समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषा दर २० मीटर उंचीला एक, त्याही अपुऱ्या. शेवटी कडे हाताने घातले, तेही षटकोनात नाही, तर दोन षटकोनांमधल्या बाजूवर. षटकोनच 'कड्याचा' केला तर खिंडीची वाटही बंद होते.

एक तुकडी ५० माणसांची. परंपरेने सांगतात ती ३०० माणसं म्हणजे सहा तुकड्या. घळीत तोंडाशी एकच तुकडी लढते, बाकीच्या मागे. दमलेली तुकडी वेळेत बदलली नाही तर मनोधैर्य खचून ती मागच्यांवरच कोसळते. पाठलागावरच्या फौजेचा आकडा साधनांत एकसारखा नाही, म्हणून तो खेळाडूने निवडायचा. आणि जिंकणं म्हणजे शत्रू संपवणं नव्हे : महाराज विशाळगडी पोहोचेपर्यंत वाट अडवून धरणं. गडाखाली आदिलशाहीच्या बाजूच्या सुर्वे-दळवींचे मोर्चे असल्यामुळे ती वेळ दर डावात बदलते.

संगणक स्वतः खेळतो त्या बाजूने मात्र बराच काळ छळलं. प्रत्येक तुकडी स्वतंत्रपणे जवळची वाट शोधी, खिंड तुंबलेली दिसली की उलटी फिरे, पुढच्या पाळीला परत येई. तोंडाशी थांबलेल्या प्रत्येक तुकडीमागे वाटेचा खर्च (वाट निवडताना संगणक मोजतो तो आकडा) थोडा वाढवला आणि एकदा धरलेली वाट तीन पाळ्या बदलायची नाही, असा नियम घातला. तेव्हा रांग लागली.

दुसरा खेळ असईचा, मराठे आणि इंग्रज यांच्यातली २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई. पहिल्या खेळात तुकडीला तोंड नव्हतं, ती चहूबाजूंना सारखीच लढे. इथे ते चालेना. इंग्रज सेनापती वेलस्ली केळणा नदी उतरून बगलेला आला आणि शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमनच्या कवायती पलटणींनी आघाडी काटकोनात फिरवली, लढाई खरी इथून सुरू होते. वळण्याचा खर्च सगळ्यांना सारखा ठेवला तेव्हा पलटणी अर्ध्या वळणात कापल्या जात. आता तो कवायतीच्या दर्जावर ठरतो. तोफांचा नियमही नव्याने लिहिला. असईत मराठ्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजी फळी पुढे गेल्यावर त्यांनी तोफा मागून डागल्या. म्हणून आमच्या खेळात तोफखान्यावरून नुसतं चालून गेलं की तो 'दबतो', संपत नाही; पहाऱ्याला तुकडी ठेवावी लागते. नवखे हमखास इथे मार खातात.

मराठी अक्षरांनी वेगळाच घाम काढला. आम्ही ज्यावर खेळ बनवतो त्या गोडो इंजिनच्या (खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) तिसऱ्या आवृत्तीत वेलांटी अक्षरामागे जाई आणि 'पन्हाळा'तल्या न चा पाय मोडका दिसे. नावं चित्रं करून चिकटवली, पण एक चूक सुधारायची म्हणजे चित्र नव्याने करा! मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली, तिला जोडाक्षरं कळतात. सगळा मजकूर तिच्यावर हलवला.

विक्री स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात. नोंदणीचे १०० डॉलर, विक्रीतला ३० टक्के वाटा त्यांचा. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं. युद्धखेळाला हा नियम जाचक, कारण नियम समजेपर्यंतच दोन तास जातात. म्हणून आता पहिला धडा फक्त खिंडीचा आहे : सहा तुकड्या, आठ पाळ्या, अर्धा तास. पन्हाळ्यापासूनची रात्रीची वाट, चिखल आणि मसाई पठार त्यानंतर उघडतात.