तुम्ही विचारलंत म्हणून: गुरू म्हणजेच मार्दुक का?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात गुरू दाखवताना मी बॅबिलोनचा (आजच्या इराकमधले प्राचीन शहर) उल्लेख केला की एक प्रश्न हमखास येतो: "म्हणजे ते लोक ग्रहांनाच देव मानत होते का?" त्याला जोडून, "मग आपले वारही तिकडूनच आले का?" हेही कोणीतरी विचारतेच. दुर्बिणीपाशी रांग लागलेली असताना 'हो' म्हणून सुटका करून घेता येते आणि मी ती बरेचदा करून घेतली आहे. पण ते उत्तर अर्धवट आहे ही रुखरुख राहते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

ग्रह आणि बॅबिलोनी देव यांच्या जोड्या ठरलेल्या आहेत. गुरू बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक याचा, शुक्र प्रेम आणि युद्धाची देवी इश्तार हिचा, मंगळ हा रोगराई आणि पाताळाचा स्वामी असलेल्या नेर्गालचा, बुध लेखनिकांचा देव नाबू याचा आणि शनी युद्धदेव निनुर्ता याचा. चंद्र आणि सूर्य यांच्या बाबतीत मात्र देव आणि गोल यांत फारसे अंतरच नाही: सिन म्हणजे चंद्र, शमाश म्हणजे सूर्य. महिन्याचे दिवस तीस, म्हणून चंद्रदेवाचे नाव लिहिण्याऐवजी नुसता ३० हा आकडा लिहिला तरी वाचणाऱ्याला कळत असे. लिपीचीही साक्ष याच बाजूची आहे. मातीच्या पाटीवर देवाच्या नावाआधी जे चिन्ह काढत, ते मुळात ताऱ्याचे चित्र होते. आणि 'तारा' हा शब्द लिहायचा असेल तर तेच चिन्ह तीनदा एकत्र काढत. एवढ्यावरून 'ग्रह म्हणजेच देव' असा निकाल द्यावासा वाटतो.

पण इ.स.पू. ६८९ मध्ये उत्तरेकडच्या अ‍ॅसिरिया या राज्याचा राजा सेन्नाखेरीब याने बॅबिलोन उद्ध्वस्त केले, त्यानंतरची हकिगत पाहा. मार्दुकची मूर्ती शहरात राहिली नाही आणि ती परत आली इ.स.पू. ६६८ मध्ये. या मधल्या वीस वर्षांबद्दल बॅबिलोनच्या बखरी सांगतात की देव अ‍ॅसिरियातल्या अश्शूर नगरात होता, म्हणून नववर्षाचा अकितू उत्सव झाला नाही. आता गुरू सूर्यापासून दूर सरला की दर तेरा महिन्यांनी पहाटे पूर्वेला पुन्हा उगवतो, आणि त्या वीस वर्षांतही तो बॅबिलोनच्या आकाशात नेमाने उगवतच होता. मार्दुक म्हणजे केवळ तो ग्रह असता, तर उत्सव थांबवण्याचे काही कारण नव्हते. उत्सवमूर्तीच जागेवर नसेल तर पालखी निघायची कशी, हे आपल्याकडच्या कोणत्याही पुजाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. देव मूर्तीत होता, ग्रहातही होता, आणि या दोहोंपैकी कशातही पुरता मावणारा नव्हता. नव्या मूर्तीचे 'मुखप्रक्षालन' (आपल्या प्राणप्रतिष्ठेसारखा विधी) करताना ती रात्रभर उघड्या आकाशाखाली ठेवत आणि त्या वेळी ग्रहांनाही नैवेद्य दाखवत, म्हणजे ग्रहांचा मान स्वतंत्रपणे राखला जात होताच.

मग ग्रह नेमके काय करत? माझ्या मते याचे सर्वांत चांगले उत्तर शुक्राच्या पाटीत आहे. 'एनूमा अनू एन्लिल' या सुमारे सत्तर पाट्यांच्या शकुनसंग्रहातली ही त्रेसष्टावी पाटी. हम्मुराबीच्या वंशातला राजा अम्मिसदुका याच्या काळात शुक्र कधी मावळला आणि कधी उगवला, याची सुमारे २१ वर्षांची टिपणे तिच्यात आहेत. तिच्यात मध्येच 'सोन्याच्या सिंहासनाचे वर्ष' असा उल्लेख येतो; ते याच राजाच्या आठव्या वर्षाचे नाव आहे, हे कुग्लर नावाच्या जर्मन संशोधकाने ओळखले आणि पाटीतल्या नोंदींचा काळ ठरला. पहिलीच नोंद अशी आहे: अकराव्या महिन्याच्या १५ तारखेला शुक्र पश्चिमेला दिसेनासा झाला, तीन दिवस आकाशात नव्हता, १८ तारखेला पूर्वेला दिसला, झरे फुटतील, अदाद पाऊस आणील, एआ पूर आणील, एक राजा दुसऱ्या राजाला समेटाचा निरोप धाडील. शकुन शुक्रावर दिसतो, पण पाऊस पाडतो पर्जन्यदेव अदाद आणि पाणी सोडतो जलदेव एआ. इश्तार येथे काहीच करत नाही. बॅबिलोनी लेखांत ताऱ्यांना 'आकाशाचे लेखन' म्हटले आहे, ते या अर्थाने शब्दशः घ्यावे: ग्रह म्हणजे देवांनी लिहिलेला मजकूर, आणि तो वाचणारा पंडित राजाच्या पदरी. मजकूर अशुभ निघाला तरी हातपाय गाळण्याचे कारण नव्हते, कारण शकुन हा इशारा असे आणि त्यावर 'नम्बुर्बी' नावाचा शांतिविधी उपलब्ध होता.

आता वारांबद्दल थोडक्यात. सात वारांचा ग्रहक्रम बॅबिलोनच्या पाट्यांत नाही. तो ग्रहांच्या अंतरांवर आणि दिवसाच्या चोवीस होरांवर (तासांवर) बेतलेला आहे आणि त्याची बांधणी ग्रीक जगातली. ग्रहांना देव जोडून देण्याची कल्पना मात्र ग्रीकांनी बॅबिलोनकडूनच उचलली, म्हणून इश्तारच्या जागी आफ्रोदिती आली आणि मार्दुकच्या जागी झ्यूस. त्यामुळे 'गुरुवार मार्दुकचा' म्हणणे ओढूनताणून होईल. शनीची गोष्ट मला अधिक भावते. बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत त्याचे नाव 'काय्यामानू', म्हणजे स्थिर राहणारा, आणि संस्कृतात 'शनैश्चर', म्हणजे सावकाश चालणारा. येथे कोणी कोणाकडून उसने घेतले असे मानायची गरज नाही. त्या ग्रहाकडे वर्ष-दोन वर्षे पाहत बसणाऱ्याला दुसरे नाव सुचणारच नाही.

क्युनिफॉर्म, म्हणजे मातीच्या पाट्यांवरच्या या पाचरीसारख्या खुणांच्या लिपीतल्या ज्या शेवटच्या पाट्यांचा काळ ठरवता येतो, त्या इ.स.च्या पहिल्या शतकातल्या आहेत आणि त्या पंचांगे आहेत. कोणत्या महिन्यात कोणता ग्रह कोणत्या राशीत, एवढेच त्यांत आहे. त्यांत गुरूचा उल्लेख 'पांढरा तारा' असा येतो.