क्रिझम मिस्सेला जायलाच हवं

आमच्या धर्मग्रामातल्या चर्चच्या साक्रिस्तीचं, म्हणजे उपासनेचं साहित्य ठेवायच्या खोलीचं, काम मी बघते. वेदीवरची कापडं, मेणबत्त्या, धूप, आणि कुलपातल्या तेलाच्या तीन डब्या. अंगठ्याएवढ्या असतात, आत कापूस आणि झाकणावर लॅटिन आद्याक्षरं. ओआय म्हणजे रुग्णांचं तेल, ओसी म्हणजे स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) तयारी करणाऱ्यांचं आणि एससी म्हणजे पवित्र क्रिझम, अभिषेकाचं सुगंधी तेल. बाबांच्या शेवटच्या आजारपणात फादरांनी पहिल्या डबीतलं तेल त्यांच्या कपाळाला आणि हातांना लावलं. बाबांची चाललेली तगमग त्यानंतर बरीच कमी झाली, हे मी जवळ बसून पाहिलंय. हे तेल जिथे आशीर्वादित होतं ती क्रिझम मिस्सा, म्हणजे बिशपांची खास उपासना, एकदा अनुभवायची, असं तेव्हाच ठरवलं होतं. यंदा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात कॅथेड्रलला, बिशपांच्या मुख्य चर्चला, गेले.

ईस्टरआधीचा उपासकाळ चालू असतो, आपापल्या चर्चमध्ये सगळं जांभळं. इथे मात्र पांढरी वस्त्रं. धर्मप्रांतातले, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या सगळ्या धर्मग्रामांतले, फादर दोन-दोनच्या रांगेत आत येत होते आणि ती रांग संपता संपत नव्हती. त्यात ग्लोरिया हे स्तुतिगीत सुरू झालं. एरवी उपासकाळात आपण ते सहसा गात नाही, त्यामुळे उंच छताखाली ऑर्गनच्या साथीने ते उठलं तेव्हा अंगावर काटाच आला.

शुभवर्तमान लूकचं, चौथ्या अध्यायातलं. नाझरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडतो, ‘प्रभूचा आत्मा माझ्यावर आला आहे’ हे वाचतो. प्रवचनानंतर बिशप फादरांना त्यांच्या दीक्षेच्या वचनांबद्दल विचारतात आणि सगळे एकसुरात ‘मी तयार आहे’ म्हणतात. माझ्या बाकाच्या शेजारीच व्हीलचेअरवर एक म्हातारे फादर होते. हात थरथरत होते, पुस्तिका धरवत नव्हती, पण प्रत्येक उत्तर पाठ. शेजारचा तरुण फादर पुस्तिकेत बघून म्हणत होता. मग बिशप लोकांकडे वळले आणि म्हणाले, यांच्यासाठी प्रार्थना करा, माझ्यासाठीही करा. बिशपांच्या तोंडून ही विनंती समोरासमोर ऐकणं, माझ्या मते, या मिस्सेतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आणि मग तेलं. तीन मोठे कलश वेदीपाशी आणले. पहिल्या दोन तेलांना आशीर्वाद दिला जातो, क्रिझमचं मात्र खास प्रार्थनेने पवित्रीकरण होतं आणि ते फक्त बिशपच करू शकतात. त्यांनी ऑलिव्हच्या तेलात बाल्समचा सुगंधी अर्क ओतला, सावकाश ढवळला. मग कलशावर वाकून त्यांनी तेलावर श्वास फुंकला. माइकवर तो श्वास स्पष्ट ऐकू आला. प्रार्थनेच्या शेवटच्या भागात सगळ्या फादरांनी उजवा हात कलशाकडे धरला, एक शब्दही न बोलता. सुगंध आमच्या बाकांपर्यंत पोहोचला होता.

हेच क्रिझम बाळाच्या टाळूला लागतं, बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणाऱ्या दृढीकरण संस्कारात कपाळाला, नव्या फादरांच्या तळव्यांना, नव्या बिशपांच्या मस्तकावर, नव्या चर्चच्या वेदीला आणि भिंतींना. धर्मप्रांतात वर्षभर कुठेही बाप्तिस्मा झाला, तरी त्याचं क्रिझम या कलशातलं.

ही मिस्सा मुळात पवित्र गुरुवारच्या सकाळची. 1955 मध्ये पोप पायस बारावे यांनी पवित्र आठवड्याचा विधी सुधारला, प्रभुभोजनाची मिस्सा संध्याकाळी नेली, आणि सकाळ या मिस्सेला मोकळी झाली. फादरांना दोन्हीकडे पोहोचता यावं म्हणून बऱ्याच धर्मप्रांतांत ती एक-दोन दिवस आधीच होते.

एक गोष्ट मनाला लागली. फादर खचाखच, सिस्टर्सही बऱ्याच, पण बाकीची बाकं मागे रिकामी होती. ‘ती फादरांची मिस्सा’ असं आपल्या लोकांच्या डोक्यात बसलंय. अरे, तेल तर आपल्याच कपाळाला लागायचं असतं! आजारी माणसाच्या घरच्यांनी, बाळाच्या बाप्तिस्म्याची वाट बघणाऱ्या आईबापांनी यायला हवं.

मिस्सेनंतर धर्मग्रामांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या टेबलावर मांडल्या होत्या. आमच्या मी घेतल्या. फादरांना सांगून ठेवलंय, पुढच्या वर्षी दृढीकरणाच्या वर्गातली सगळी मुलं बसने इथे आणायची. त्यांनी होकार दिलाय. बसचं भाडं पालकसभेत काढायचं आहे.