एवढंसं कार्टं, घर कसं राखतं?

सेंट लुइसमध्ये हॅलोवीनच्या रात्री दारात आलेल्या पोराला चॉकलेट आयतं मिळत नाही. आधी जोक सांगावा लागतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणून पिशवी पुढे केली की झालं. इथे घरवाले दारापुढे खुर्ची टाकून बसलेले असतात, मांडीवर चॉकलेटांचं टोपलं, आणि विचारतात, ‘बरं, जोक कुठाय?’ मग समोर चार वर्षांचं पोर असो नाहीतर चौदा वर्षांचा दांडगा मुलगा, काहीतरी म्हणून दाखवावंच लागतं. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये पूर्वी मुलं सोंगं घेऊन दारोदार जायची, गाणं नाहीतर कविता म्हणायची आणि मग खाऊ घ्यायची. तिकडून आलेल्या लोकांनी ही रीत इथे आणली असं म्हणतात. शहरात डॉगटाउन नावाची आयरिश लोकांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे मला ते पटतं.

ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण माझी थोरली परक्या माणसापुढे तोंड उघडत नाही.

घरी आम्ही फक्त मराठी बोलतो. ती बालवाडीत गेली तेव्हा इंग्रजी समजायची, बोलायची मात्र नाही. घरात अखंड टकळी चालू, आणि दाराबाहेर पाऊल पडलं की माझ्या कुर्त्याचं टोक तोंडात.

2024 च्या 31 ऑक्टोबरला गुरुवार होता. त्या संध्याकाळी हॅलोवीन आणि लक्ष्मीपूजन एकदमच आलं. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी, 1 नोव्हेंबरला होतं. पण आमच्याकडे अमावास्या गुरुवारी पहाटे लागून शुक्रवारी सकाळीच संपत होती, म्हणून आम्हाला संध्याकाळ गुरुवारचीच मिळाली. माझी आई तेव्हा सांगलीहून आली होती. तिने पाटावर लक्ष्मीचा फोटो, धणे-गूळ, लाह्या-बत्तासे मांडले आणि इंडियन दुकानातून आणलेल्या केरसुणीला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात घंटी वाजली. दारात तीन चेटकिणी. तिघींच्या हातांत झाडू.

आई दोन पावलं मागे सरेल असं मला वाटलं. तिने त्या तिघींकडे पाहिलं, झाडूंकडे पाहिलं, आणि म्हणाली, “अगं, लक्ष्मी आज झाडू घेऊनच आली की. दार लावू नकोस.” आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला तसंही दार उघडं ठेवतात. त्या रात्री ते खरोखरच उघडं राहिलं. आई उंबऱ्याशी पणत्यांपाशी बसली आणि आलेल्या प्रत्येक पोराच्या पिशवीत चॉकलेट टाकत राहिली. भाषा येत नसल्यामुळे जोक तिने कुणाला विचारला नाही, पण पोरं आपण होऊन सांगायची आणि ती मनापासून हसायची.

थोरली तेव्हा चार वर्षांची होती. फुलपाखरू झाली होती. नवरा तिला घेऊन आमच्याच गल्लीत निघाला. चौथ्या घरी एका गृहस्थाने तिला तीनतीनदा जोक विचारला आणि ‘नो जोक, नो कँडी’ म्हणून टोपलं पाठीमागे धरलं. त्याने ते गमतीनेच केलं असणार. पण हिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि दोघं परत आली. पंख काढून ती आजीच्या मांडीवर जाऊन झोपली. मला त्या माणसाचा राग आला, अजूनही थोडा आहे. लहान मूल गप्प असलं तर त्याच्या पिशवीत खाऊ टाकावा आणि पुढच्या वर्षी सांग म्हणावं. एवढं कुणालाही कळायला हवं.

म्हणून 2025 ला मी गणपती उठल्यापासूनच मनात जुळवाजुळव सुरू केली. बाहेर काय होईल ते होवो, पण घरातलं हॅलोवीन तिच्या ओळखीचं असलं पाहिजे, असं मी ठरवलं.

आधी सोंग. दुकानात राजकन्या आणि सुपरहिरो टांगलेले होते, तिने एकाकडेही बोट दाखवलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, “मला भोपळ्यातली म्हातारी व्हायचंय.” टुणूक टुणूक जाणारी, कोल्ह्या-वाघाला फसवणारी ती म्हातारी. ती गोष्ट मी तुम्हाला सांगायला नको. मला ही कल्पना फार आवडली, कारण भोपळ्याच्या आत लपता येतं. माझी एक नारिंगी सुती साडी काठाशी विरली होती. तिचा घेर घेऊन वर-खाली इलॅस्टिक घातलं आणि मधे प्लास्टिकची रिंग शिवली, म्हणजे घेर फुगलेला राहतो. आत जाड स्वेटर मावतो, हे महत्त्वाचं. इथे ऑक्टोबरअखेरीला अंधार पडला की थंडी बोचते, आणि पोरं सोंगावर जाकीट घालायला तयार नसतात. डोक्यावर पांढऱ्या लोकरीचा अंबाडा, हातात काठी. धाकट्याला कोल्हा केलं. तो तीन वर्षांचा व्हायचाय, त्याला शेपूट मिळाल्याशी कारण.

मग भोपळे. मिसिसिपी ओलांडली की इलिनॉय लागतं, आणि देशात सगळ्यात जास्त भोपळा त्याच राज्यात पिकतो. बेलव्हिलला एकर्ट्सच्या मळ्यात गेलो. थोरलीने कोरायला एक मोठा निवडला, मी खायला दोन लहान घेतले. दोन्हींत फरक आहे हे मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. कोरायचा भोपळा पाणचट आणि दोऱ्या-दोऱ्यांचा असतो; घाऱ्यांना तो चालत नाही. इथे ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थासाठी म्हणून छोटे, जड, गोडसर भोपळे मिळतात, त्यांचा कीस आपल्या लाल भोपळ्यासारखाच गुळात मुरतो.

कोरणं मंगळवारी ठेवलं. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत आतून बुरसायला लागतो, त्याआधी घाई करू नये. फरशीवर जुनी चादर, फोनवर सांगलीहून आई. तिथे बुधवार उजाडला होता. सुरी माझ्या हातात बघितल्याबरोबर ती ओरडली, “थांब! अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही. जावईबापूंना बोलाव.” लहानपणी आमच्याकडे भोपळा आला की शेजारच्या काकांना हाक मारलेली मी पाहिली आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही. नवऱ्याने पहिला काप दिला. देठाभोवतीचं झाकण तिरकं कापायचं. सरळ कापलं की ते आत पडतं. मग थोरलीने बाह्या वर करून गर आणि बिया बाहेर काढल्या. धाकट्याने एकदा हात घातला, बोटांकडे बघितलं आणि माझ्या साडीला, म्हणजे तिच्या भोपळ्यालाच, पुसले.

मी कोरता कोरता त्यांना सांगितलं की आयर्लंडमध्ये भोपळे नव्हते, तिथे सलगम कोरायचे. सुगी संपली की साविन नावाचा सण यायचा, त्या रात्री गेलेली माणसं घरी येतात अशी समजूत होती. थोरलीने फोनमधल्या आजीला विचारलं, “आपले आजोबा पण येतात?” आई म्हणाली, “ते पितृपक्षात येऊन गेले गं, खीर खाऊन गेले.” तिचं समाधान झालं आणि ती पुन्हा बिया मोजायला लागली. बिया मी धुऊन, पुसून, तिखट-मीठ-हळद आणि थोडं तेल लावून ओव्हनमध्ये खुटखुटीत भाजल्या.

धाकट्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाण्याच्या कुटाशिवाय ज्या घरात कोशिंबीर होत नव्हती, त्या घरात आता दाणे येतच नाहीत. हॅलोवीनची पिशवी म्हणजे माझ्या छातीवरचं ओझं. मोठ्या चॉकलेटवर घटक छापलेले असतात, पण छोट्या पुड्यांवर कधीकधी नसतात, आणि तेच चॉकलेट लहान आकारात वेगळ्या ठिकाणी बनलेलं असू शकतं. म्हणून आमच्याकडे नियम एकच: रस्त्यात काही खायचं नाही, घरी येऊन चादरीवर पिशवी उलटी करायची. ज्या घरापुढे मोरपिशी रंगाचा भोपळा ठेवलेला असतो, तिथे खाऊऐवजी स्टिकर, शिट्टी, रंगखडू असलं काही मिळतं. फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने 2014 मध्ये ही मोहीम देशभर नेली. आमच्या गल्लीत असे दोन भोपळे आहेत. तिसरा आमचा. तो रंगवायचं काम धाकट्याचं होतं, आणि भोपळ्याइतकाच तोही मोरपिशी झाला होता.

राहिला जोक.

मी मराठी आईला सुचतं तसं केलं, यादी काढली. सांगाडा नाचायला का गेला नाही? कारण त्याला बरोबर न्यायला ‘नो बॉडी’. नोबडी म्हणजे कुणी नाही, आणि नो बॉडी म्हणजे अंगच नाही. थोरलीने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग त्याला अंग का नाही?” तिने पाठ केला, पण तो तिचा नव्हता. दुसऱ्याचे बूट घातल्यासारखी ती तो म्हणायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मला जायचंच नाही.”

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “तिला कोडं घालू दे की. भोंडल्याला घरोघरची खिरापत आपण ओळखायचो का नाही? जोकमध्ये हिने हसवायचं असतं, ते अवघड. कोड्यात समोरचा अडकतो.” आणि तिने थोरलीला विचारलं, “एवढंसं कार्टं, घर कसं राखतं?”

थोरली विचार करत बसली. कुत्रा? नाही. आजोबा? आई खूप हसली. मग तिने आपली किल्ल्यांची जुडी फोनपुढे वाजवली.

“कुलूप!”

पुढचे दोन दिवस घरात दुसरं काही नव्हतं. बाबाला, धाकट्याला, दूध ठेवायला उघडलेल्या फ्रीजलासुद्धा ते कोडं घातलं गेलं. इंग्रजी तिने स्वतः केलं: मी लहान आहे, मी सगळं घर सांभाळतो, मी कोण? त्यात ‘कार्टं’ शब्दातली मजा येत नाही याचं तिला वाईट वाटलं, ते मला कळलं.

31 तारखेला शुक्रवार होता. घड्याळं मागे करण्याचा दिवस 2007 पासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर गेला आहे, त्यामुळे हॅलोवीनला आमच्याकडे सहापर्यंत उजेड असतो आणि लहानग्यांना अंधाराआधी थोडं फिरता येतं. मी दुपारीच घारगे तळून ठेवले होते. पोटभर खायला घातलं आणि निघालो. नवरा दारात बसला.

पहिल्या घरी ती गप्प. तिथल्या बाईंनी हट्ट न करता पिशवीत खाऊ टाकला. दुसऱ्या घरीही गप्प, पण या खेपेला माझा कुर्ता सोडलेला. तिसरं घर आमच्यापासून दोन दारं सोडून, तिथे एक वयस्क आजीबाई एकट्या राहतात. मांडीवर रग घेऊन, शेगडी पेटवून अंगणात बसल्या होत्या. त्यांनी भोपळा बघितला, अंबाडा बघितला आणि विचारलं, “तू भोपळा का आजी?”

“दोन्ही,” थोरली म्हणाली. इंग्रजीत, माझ्याकडे न बघता.

मग काठी टेकून तिने कोडं घातलं. आजीबाई खरंच विचार करायला लागल्या, नाटकीपणाने नाही. कुत्रा? नाही. घंटी? नाही. त्यांनी हात टेकले. थोरलीला इंग्रजी शब्द त्या क्षणी आठवला नाही की नकोच होता कोण जाणे, ती मोठ्याने म्हणाली, “कुलूप!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताने किल्ली फिरवून दाखवली. “कु-लूप,” त्या म्हणाल्या, पुन्हा एकदा म्हणाल्या, आणि थोरलीने त्यांचा ‘ल’ दुरुस्त केला. त्यानंतर आम्ही अकरा घरं घेतली. अकराही ठिकाणी कुलूप. गेल्या वर्षीच्या त्या चौथ्या घराकडे मी वळणार नव्हते, पण भोपळा माझ्याआधी टुणूक टुणूक तिथे पोचला. त्या गृहस्थांनाही उत्तर आलं नाही.

साडेआठला गल्लीतले दिवे एकेक करून मालवायला लागले. बाहेरचा दिवा बंद म्हणजे खाऊ संपला, दार वाजवायचं नाही. चादरीवर पिशवी उलटी करून मी वाटणी करत होते, धाकटा शेपटीसकट झोपला होता. थोरलीने बाबाला बसायला सांगितलं, टाचा उंचावून आमचा दिवा स्वतः बंद केला आणि दोन्ही हातांनी कुलपाची कळ फिरवली. मग त्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, “कार्ट्या, नीट राख हं.”