सहा मीटरवरची झोप

माझ्याकडे डायव्हिंग शिकायला येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, ‘पाण्याखाली डुलकी लागली तर?’ बाकीचे हसतात. मला मात्र हा प्रश्न फार मोलाचा वाटतो.

पहिल्या काही डाइव्हमध्ये झोप लागायची शक्यता जवळजवळ नसतेच. नवखा माणूस इतका सावध असतो की स्वतःचा श्वाससुद्धा मोजत असतो. धोका असतो तो मुरलेल्या डायव्हरला, आणि तोही खोलवर असताना नव्हे, परत येताना. साधारण तीस मीटरच्या पुढे नायट्रोजनची गुंगी चढू लागते हे सगळ्यांना पाठ असतं, पण वर आलं की ती उतरते. खोल आणि लांबलेल्या डाइव्हनंतर अंगात मुरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून सहा मीटरवर, मग तीन मीटरवर थांबावं लागतं, कधीकधी तासन्‌तास. हाच ‘स्टॉप’. करायला काहीच नसतं. अंग गारठलेलं, शरीर थकलेलं, हातात दोर आणि कानात आपल्याच बुडबुड्यांचा एकसुरी आवाज. त्यात बोट लागू नये म्हणून सकाळी गोळी घेतली असेल तर बघायलाच नको, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

श्वासाची हवा देणारा रेग्युलेटर तोंडात टिकतो तो ओठांच्या आणि दातांच्या पकडीवर. झोपेत जबडा सैल पडतो. रेग्युलेटर सुटला की पुढचा श्वास पाण्याचा. म्हणूनच रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वासच पुन्हा फिरवणारं यंत्र, वापरणारे बरेच जण तोंडाचा तुकडा पट्ट्याने डोक्यामागे बांधून घेतात, आणि मला हा पट्टा ऐच्छिक वाटत नाही.

रीब्रीदरवर पेंग आली तर मी तिला थकवा समजत नाही. त्या यंत्रातल्या कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांची ताकद संपत आली तर धाप लागते, डोकं दुखतं, सुस्ती येते. ऑक्सिजन कमी पडला तर तेवढीही सूचना मिळत नाही, शुद्ध सरळ हरपते. बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं झोपेसारखंच दिसतं.

पाण्याखाली खरंच झोपलेली माणसं आहेत, पण कोरड्यात. 1962 मध्ये मार्सेयजवळ फ्रेंच सागर-संशोधक जाक कुस्तोंच्या कॉनशेल्फ या पाण्याखाली राहण्याच्या प्रयोगात अल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली दहा मीटर खोलीवरच्या घरात आठवडाभर राहिले. आजचे सॅच्युरेशन डायव्हर, म्हणजे कामाचे सगळे दिवस खोल पाण्याइतक्याच दाबात राहणारे, तर जहाजावरच्या दाबाच्या खोलीत बंकवर झोपतात. कामावर मात्र जागेच.

म्हणून स्टॉपवर मी बडीच्या, म्हणजे जोडीदार डायव्हरच्या, शेजारी नाही, समोर थांबते. मास्कच्या काचेतून पापण्या दिसायला हव्यात. दर थोड्या वेळाने ‘ओके’ची खूण करते, आणि उत्तर आलं की नाही यापेक्षा किती उशिरा आलं ते बघते. हात उचलायला उशीर, नजर माझ्या मास्कच्या आरपार गेलेली, दोरावरची बोटं अर्धवट उघडी. एवढं पुरेसं असतं. मी दंड घट्ट धरते आणि त्याला रीब्रीदरवरून बाजूला लावलेल्या राखीव सिलेंडरवर घेते. कारण काय होतं, गॅस की नुसती पेंग, याचा हिशेब बोटीवर. तोवर त्याचा दंड सोडायचा नाही, आणि स्टॉप पुरा झाल्याशिवाय वरही यायचं नाही.